विश्लेषण : अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा श्वास मेंढी, गाय, शेळीच्या फुप्फुसांशी कसा जोडला गेला?

मनमाड हे रेल्वेच्या नकाशावरील मोठे जंक्शन. मात्र सातव्या महिन्यातच कळा सुरू झालेल्या मातेसाठी या शहराचा नकाशा वेगळा असतो. अद्ययावत नवजात अतिदक्षता कक्ष गाठायचा तर नाशिक रेल्वेने ७३ किलोमीटर आणि रस्त्याने त्याहून अधिक दूर. मालेगाव जवळ, पण तेही सुमारे ४० किलोमीटरवर. दरवर्षी १५ ते २१ नोव्हेंबर हा राष्ट्रीय नवजात शिशू सप्ताह आणि १७ नोव्हेंबर हा जागतिक मुदतपूर्व जन्म दिन पाळला जातो. या निमित्ताने मुदतपूर्व बाळांच्या मृत्यूंची चर्चा होते. मात्र अशा बाळांचा श्वास नेमका कशामुळे अडतो, आणि त्यावरचे दोन प्रमुख उपाय जनावरांच्या फुप्फुसांवरील संशोधनातून कसे आले, याची माहिती फारशी पोहोचत नाही. हे दोन उपाय कोणते, आणि मोठ्या रुग्णालयापासून दूर असलेल्या शहरासाठी त्यांतला फरक का महत्त्वाचा ठरतो, याविषयी.

नाशिकमध्ये २०१७ मध्ये काय घडले होते?

नाशिकच्या जिल्हा रुग्णालयातील विशेष नवजात काळजी कक्षात ऑगस्ट २०१७ या एका महिन्यात ५५ बालके दगावल्याचे सप्टेंबरमध्ये समोर आले. एप्रिलपासूनच्या पाच महिन्यांचा आकडा १८७ होता. राज्यभर खळबळ उडाली. वैद्यकीय हलगर्जी झाल्याचा आरोप रुग्णालय प्रशासनाने फेटाळला. बरीच बाळे अन्य रुग्णालयांतून अगदी शेवटच्या टप्प्यात आणली गेली, अनेक बाळे अपुऱ्या दिवसांची होती आणि त्यांची फुप्फुसे कमकुवत होती, असे कारण तेव्हा देण्यात आले.

त्या वेळची चर्चा कक्षातील गर्दी, यंत्रसामग्री आणि जबाबदारी कोणाची, याभोवती फिरली. ते प्रश्न रास्तच होते. मात्र ‘फुप्फुसे कमकुवत’ आणि ‘उशिरा आणले’ या दोन शब्दप्रयोगांचा एकमेकांशी थेट संबंध आहे. तो समजण्यासाठी फुप्फुसाच्या आत डोकवावे लागते.

सरफॅक्टंट म्हणजे काय?

फुप्फुसात कोट्यवधी सूक्ष्म वायुकोश असतात. प्रौढ माणसात त्यांचा एकत्रित पृष्ठभाग सुमारे ७० चौरस मीटर भरतो. प्रत्येक वायुकोशाच्या आतल्या बाजूस पाण्याचा पातळ थर असतो. पाण्याचे रेणू एकमेकांना खेचतात, यालाच पृष्ठताण म्हणतात. वायुकोश जितका लहान, तितका हा ताण त्याला अधिक जोराने मिटवू पाहतो. नवजात बाळाचे वायुकोश तर फारच लहान असतात. श्वास सोडल्यावर ते मिटले, की पुढच्या श्वासाला पुन्हा नव्याने उघडावे लागतात. फुगा पहिल्यांदा फुगवताना जितका जोर लागतो, तितका जोर प्रत्येक श्वासाला लावायचा, असा हा प्रकार. एक किलोचे बाळ काही तासांतच थकते.

निरोगी फुप्फुसात ही वेळ येत नाही, कारण वायुकोशांच्या भिंतीतील ‘टाइप-२’ नावाच्या पेशी एक स्निग्ध द्रव्य बनवून त्या थरावर पसरवतात. हेच सरफॅक्टंट. त्यात सुमारे ९० टक्के मेद आणि १० टक्के प्रथिने असतात. त्यामुळे श्वास सोडताना पृष्ठताण जवळपास शून्यापर्यंत उतरतो आणि वायुकोश उघडे राहतात.

याचा पहिला सुगावा लागला तोही जनावराच्या फुप्फुसातून. कुर्ट फॉन नीरगार्ड या शास्त्रज्ञाने १९२९ मध्ये डुकराची फुप्फुसे एकदा हवेने आणि एकदा द्रवाने भरून पाहिली. द्रवाने भरताना बराच कमी दाब लागला. म्हणजेच अडथळा मुख्यत्वे हवा आणि पाणी यांच्या सीमेवर होता. पुढे १९५९ मध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेर मीड यांनी श्वास अडून दगावलेल्या मुदतपूर्व बाळांच्या फुप्फुसांत नेमके हेच द्रव्य अपुरे असल्याचे दाखवले. तरीही उपचार लवकर हाती आला नाही. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक ऑगस्ट १९६३ मध्ये साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि ३९ तासांत याच आजाराने गेला.

त्यातील प्रथिने काय काम करतात?

सरफॅक्टंटमध्ये चार खास प्रथिने असतात. त्यांना ए, बी, सी आणि डी अशी नावे आहेत. त्यांची विभागणी दोन कामांत करता येते. बी आणि सी ही लहान, मेदात विरघळणारी प्रथिने. मेदाचा थर वायुकोशाच्या पृष्ठभागावर झटपट पसरवणे आणि प्रत्येक श्वासाबरोबर तो पुन्हा जुळवणे, हे त्यांचे काम. ए आणि डी ही मोठी, पाण्यात विरघळणारी प्रथिने. ती प्रामुख्याने पहारेकरी आहेत. श्वासातून आलेल्या जिवाणू-विषाणूंना चिकटून ती त्यांना रोगप्रतिकारक पेशींच्या हवाली करतात.

प्रमाणाने अगदी थोडे असलेले बी प्रथिन सर्वांत निर्णायक आहे. त्याचे जनुक निकामी केलेल्या उंदरांवरचा प्रयोग १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. ती पिल्ले जन्मताच श्वास न घेता आल्याने मेली. माणसांतही या जनुकातील गंभीर दोष घेऊन पूर्ण दिवसांचे, चांगल्या वजनाचे बाळ जन्माला येते आणि तरीही त्याचा श्वास अडतो. असे बाळ फुप्फुस प्रत्यारोपणाशिवाय सहसा वाचत नाही. हा आजार दुर्मीळ आहे. पण एका प्रथिनावर पहिला श्वास किती अवलंबून असतो, हे त्यातून कळते.

जनुक ‘व्यक्त होणे’ म्हणजे काय? ते मोजतात कसे?

शरीराच्या जवळपास प्रत्येक पेशीत जनुकांची तीच वही असते. फरक असतो तो कोणत्या पेशीत कोणते पान उघडले जाते यात. पान उघडले की त्यातील मजकुराची एक तात्पुरती नक्कल तयार होते. तिला संदेशवाहक आरएनए म्हणतात. या नकलेवरून पेशी प्रथिन बनवते. जनुकापासून प्रथिनापर्यंतच्या या कामालाच जनुकीय अभिव्यक्ती म्हणतात. बी प्रथिनाचे जनुक मुदतपूर्व बाळातही असतेच. त्याचे पान पुरेसे उघडलेले नसते, एवढाच फरक.

या नकला मोजण्याची पद्धत कोविडकाळात घरोघरी पोहोचली. तीच आरटी-पीसीआर. तेव्हा नाकातील स्रावात विषाणूचा आरएनए शोधला जात होता. फुप्फुसाच्या संशोधनात मेंढी, ससा, उंदीर किंवा गाईच्या फुप्फुसाचा लहानसा तुकडा घेऊन त्यात सरफॅक्टंट प्रथिनांच्या आरएनएच्या किती नकला आहेत, हे मोजले जाते. गर्भाच्या वेगवेगळ्या वयात हे मोजमाप केले, की कोणते जनुक कधी जागे होते याचा आलेख तयार होतो.

मेंढीचा गर्भकाळ सुमारे पाच महिन्यांचा असतो. त्यातील अखेरच्या टप्प्यात ही जनुके वेगाने सक्रिय होताना दिसतात. मानवी गर्भातही सुरुवात लवकर होत असली, तरी सरफॅक्टंटचा पुरेसा साठा साधारण ३४ ते ३५ आठवड्यांच्या सुमारास होतो. या कामाला गती देणारा एक महत्त्वाचा संकेत म्हणजे गर्भाच्या स्वतःच्या शरीरात जन्माआधी वाढणारे कॉर्टिसोल हे संप्रेरक. इथेच पहिल्या उपायाची किल्ली सापडली.

एका कोकराने काय शिकवले?

न्यूझीलंडमधील ऑकलंडचे प्रसूतितज्ज्ञ ग्रॅहॅम लिगिन्स १९६० च्या दशकात वेगळ्याच प्रश्नामागे होते. मेंढीच्या कळा नेमक्या कशामुळे सुरू होतात, हे त्यांना शोधायचे होते. त्यासाठी त्यांनी गर्भातील कोकरांना स्टिरॉइड गटातील औषध दिले. कोकरे अपेक्षेप्रमाणे वेळेआधी जन्मली. त्यांतील एक मात्र इतक्या कमी दिवसांचे होते, की त्याची फुप्फुसे फुगायलाच नको होती. तरीही ते काही काळ श्वास घेत राहिले आणि तपासणीत त्याची फुप्फुसे बऱ्यापैकी उघडलेली आढळली. हे निरीक्षण १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले.

लिगिन्स आणि बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी यांनी मग हेच माणसांत करून पाहिले. मुदतपूर्व प्रसूतीची शक्यता असलेल्या २८२ मातांच्या या चाचणीचे निष्कर्ष १९७२ मध्ये आले. ज्यांची मुदतपूर्व प्रसूती अनपेक्षितपणे सुरू झाली होती, त्या गटात इंजेक्शन न मिळालेल्या मातांच्या २५.८ टक्के बाळांना श्वासाचा त्रास झाला. इंजेक्शन मिालेल्या गटात हे प्रमाण ९ टक्के होते.

आईला दिलेले डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन वारेतून गर्भापर्यंत पोहोचते. फुप्फुसातील पेशींत ते कॉर्टिसोलचीच भूमिका बजावते. बी आणि सी प्रथिनांच्या जनुकांची अभिव्यक्ती वाढते, मेद बनवणारी यंत्रणा वेग घेते आणि वायुकोशांच्या भिंती पातळ होतात. बाळ पोटात असतानाच त्याची स्वतःची जनुके लवकर कामाला लावणे, हा झाला पहिला उपाय. यातील डेक्सामेथासोन हे काही रुपयांत मिळणारे, सरकारी दवाखान्यांच्या ओळखीचे औषध आहे.

‘सातव्यातले जगते, आठव्यातले नाही’ हे खरे आहे का?

नाही. महाराष्ट्रात घरोघरी ऐकू येणारा हा समज फुप्फुसाच्या जडणघडणीच्या अगदी उलट आहे. साधारणपणे २८ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांपैकी निम्म्याहून अधिक बाळांना सरफॅक्टंटअभावी श्वासाचा त्रास होतो. २८ ते ३४ आठवड्यांत हे प्रमाण सुमारे एक तृतीयांशावर येते आणि ३४ आठवड्यांनंतर झपाट्याने घटते. पोटात काढलेला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या बाजूने असतो.

हा समज निरुपद्रवी नाही. आठव्या महिन्यातील कळांकडे ‘आता काय उपयोग’ म्हणून पाहिले गेले, किंवा सातव्यातील बाळ ‘तसेही जगते’ म्हणून घरीच थांबवले गेले, तर दोन्ही प्रकारांत वेळ हातची जाते.

जनावरांच्या फुप्फुसापासून औषध कसे तयार होते?

दुसरा उपाय जन्मानंतरचा आहे. बाळाच्या फुप्फुसाने सरफॅक्टंट बनवले नसेल, तर ते बाहेरून द्यायचे. ससा आणि कोकरू यांच्या मुदतपूर्व पिल्लांवर हे आधी यशस्वी झाले. जपानच्या तेत्सुरो फुजिवारा यांनी १९८० मध्ये गाईच्या फुप्फुसातून मिळवलेले सरफॅक्टंट दहा मुदतपूर्व बाळांना दिले आणि त्यांच्या श्वासात सुधारणा झाल्याचे दाखवले. त्यातूनच पुढे आलेल्या बेरॅक्टंट या औषधाला अमेरिकेत १९९१ मध्ये मंजुरी मिळाली. स्वीडनच्या टोरे कुर्स्टेड आणि बेंग्ट रॉबर्टसन यांनी डुकराच्या फुप्फुसापासून पोरॅक्टंट अल्फा विकसित केले. ‘क्युरोसर्फ’ हे त्याचे व्यापारी नाव या दोघांच्या आडनावांवरूनच पडले.

यासाठी मांसासाठी कापल्या गेलेल्या जनावरांची फुप्फुसे वापरली जातात. ती बारीक करून किंवा आतून धुऊन त्यातील द्रव्य मिळवले जाते आणि सेंद्रिय द्रावकांनी मेद वेगळा काढला जातो. मेदात विरघळणारी बी आणि सी प्रथिने त्याच्यासोबत येतात. ए आणि डी मात्र या प्रक्रियेत गळून जातात. त्यामुळे बाजारातील जनावरांपासूनची ही औषधे वायुकोश उघडे ठेवतात, पण जंतूंविरुद्धचे पहारेकरी त्यांत नसतात.

हे औषध गोळी किंवा शिरेतून देता येत नाही. ते थेट बाळाच्या श्वासनलिकेत सोडावे लागते. बेरॅक्टंटचे प्रमाण किलोमागे ४ मिलिलिटर असते. औषध २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावे लागते. श्वासनलिकेत नळी घालण्याचे कसब, ऑक्सिजनवर सतत नजर, गरज पडल्यास सीपॅप किंवा व्हेंटिलेटर, हे सारे सोबत लागते. शिवाय एका कुपीची किंमत हजारो रुपयांत जाते.

कारखान्यात कृत्रिम सरफॅक्टंट का बनवत नाहीत?

प्रयत्न झाले, आणि त्यांच्या अपयशातूनच प्रथिनांचे महत्त्व सिद्ध झाले. १९९० मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या ‘एक्सोसर्फ’ या कृत्रिम औषधात प्रथिने नव्हतीच. काही न देण्यापेक्षा ते चांगले होते. मात्र तुलनात्मक चाचण्यांत जनावरांपासूनची औषधे अधिक वेगाने काम करतात असे दिसले आणि ते मागे पडले. बी प्रथिनाची नक्कल करणारा लहान रेणू वापरलेले ‘सरफॅक्सिन’ २०१२ मध्ये मंजूर झाले, पण २०१५ मध्ये उत्पादकाने ते बाजारातून काढून घेतले.

बी प्रथिन कारखान्यात बनवणे अवघड आहे. ते मेदाला चिकटणारे आहे, त्याची घडी गुंतागुंतीची आहे आणि घडी बिघडली की काम बिघडते. बी आणि सी या दोन्हींच्या नकला असलेले नवे कृत्रिम औषध मानवी चाचण्यांपर्यंत पोहोचले आहे. आयआयटी मुंबईतही प्रा. रिंती बॅनर्जी यांच्या गटाने सरफॅक्टंटसारख्या मेदकणांवर संशोधन केले आहे. मात्र आज तरी रुग्णालयांचा भर गाय आणि डुक्कर यांच्या फुप्फुसांवरच आहे.

गाय, डुक्कर की शेळी?

भारतात हा प्रश्न केवळ वैज्ञानिक राहत नाही. गोवंशापासूनचे औषध काही हिंदू कुटुंबांना आणि डुकरापासूनचे औषध मुस्लिम कुटुंबांना अस्वस्थ करू शकते. मनमाड-मालेगाव पट्ट्यात दोन्ही समाजांची कुटुंबे एकाच कक्षाबाहेर थांबलेली असतात. जीव वाचवण्यासाठी अशा वस्तूंचा अपवाद मान्य करण्याची परंपरा इस्लाममध्ये आहे, आणि बहुतेक पालक बाळाचा श्वास पाहून निर्णय घेतात. तरीही औषधाचा स्रोत पालकांना आधी सांगणे हा त्यांचा हक्क आहे. ही माहिती कळा सुरू होण्यापूर्वी, गर्भवतीच्या तपासणीदरम्यान मिळाली, तर ऐन वेळी गोंधळ होत नाही.

भारतात शेळीच्या फुप्फुसापासून सरफॅक्टंट बनवण्याचा प्रयत्न झाला तो काहीसा या पार्श्वभूमीवर आणि मुख्यत्वे किमतीमुळे. शेळीचे मांस देशभर चालते, फुप्फुसे सहज मिळतात. दिल्लीच्या ‘एम्स’मधील तज्ज्ञांच्या पुढाकाराने या औषधाची बेरॅक्टंटशी तुलना करणारी चाचणी अनेक रुग्णालयांत झाली. मुंबई-पुण्यातील नवजाततज्ज्ञांचाही तीत सहभाग होता. तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र बाळांची नोंदणी फारच संथ झाल्याने चाचणी ९८ बाळांवरच थांबवावी लागली. दोन्ही औषधांत संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठोस फरक आढळला नाही. पण शेळीचे औषध बेरॅक्टंटच्या तोडीचे आहे असा निर्वाळा देण्यासाठी ही संख्या अपुरी होती.

मग प्रत्येक मातेला इंजेक्शन का देत नाहीत?

या प्रश्नाचे उत्तर मराठी मुलखातूनच मिळाले. आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतील सहा देशांत ‘अ‍ॅक्ट’ नावाची मोठी चाचणी झाली. भारतातील तिची केंद्रे बेळगाव आणि नागपूर ही होती. गावपातळीवरील आरोग्य कर्मचाऱ्यांनी मुदतपूर्व प्रसूतीच्या शक्यतेत स्टिरॉइड दिले, तर बालमृत्यू घटतील अशी अपेक्षा होती. २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनी तज्ज्ञ चक्रावले. अतिशय कमी वजनाच्या बाळांच्या मृत्युदरात फरक पडला नाही. उलट सर्व बाळांचा एकत्रित विचार करता, मोहीम राबवलेल्या भागांत दर हजार जिवंत जन्मांमागे २७.४ नवजात दगावले, तर इतर भागांत २३.९. मातांमध्ये संसर्गाचा संशयही अधिक आढळला.

यामागे प्रत्यक्ष अडचणी होत्या. गर्भाचे वय नक्की माहीत नसल्याने ज्यांची प्रसूती पुढे पूर्ण दिवसांनी झाली, अशा अनेक मातांनाही इंजेक्शन मिळाले. गरज नसलेल्या गर्भाला त्याचा लाभ नसतो आणि धोका मात्र राहतो. दुसरे म्हणजे, वेळेआधी जन्मलेल्या बाळाला पुढे लागणारी ऊब, श्वासाचा आधार आणि संसर्गावरचे उपचार अनेक ठिकाणी नव्हते.

पाच वर्षांनी चित्राची दुसरी बाजू समोर आली. भारतासह पाच देशांतील २९ रुग्णालयांत २,८५२ मातांवर जागतिक आरोग्य संघटनेने ‘अ‍ॅक्शन’ ही चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. येथे सोनोग्राफीने गर्भाचे वय तपासले होते आणि रुग्णालयांत नवजातांची किमान काळजी उपलब्ध होती. डेक्सामेथासोन मिळालेल्या गटात नवजात मृत्यूचे प्रमाण १९.६ टक्के राहिले, न मिळालेल्या गटात २३.५ टक्के. तेच औषध योग्य आठवड्यात आणि योग्य जागी दिले, तर जीव वाचवते. अंदाजाने दिले, तर नाही.

मनमाडमधील मातेसाठी याचा अर्थ काय?

पहिला अर्थ घड्याळाचा आहे. स्टिरॉइडचा पूर्ण परिणाम दिसण्यास पहिल्या डोसपासून साधारण २४ तास लागतात आणि तो सुमारे सात दिवस टिकतो. केंद्र सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार २४ ते ३४ आठवड्यांदरम्यान मुदतपूर्व प्रसूतीची चिन्हे असतील, तर डेक्सामेथासोनचे ६ मिलिग्रॅमचे चार डोस १२ तासांच्या अंतराने दिले जातात. पुढे पाठवण्यापूर्वी पहिला डोस एएनएमलाही देता येतो. म्हणजे हे घड्याळ नाशिकला पोहोचल्यावर नव्हे, तर मनमाडमध्येच सुरू होऊ शकते. नाशिकला पोहोचेपर्यंतच्या दोन तासांत औषध काम पूर्ण करणार नाही. पण तिथे डॉक्टरांना कळा एक-दोन दिवस लांबवता आल्या, तर ते दोन तासही बाळाच्या खात्यात जमा झालेले असतात.

दुसरा अर्थ प्रवासाचा. बाळाला जन्मानंतर हलवण्यापेक्षा आईला प्रसूतीपूर्वी हलवणे अधिक सुरक्षित असते. सरकारी रचनेत जिल्हा पातळीवर विशेष नवजात काळजी कक्ष, तर त्याखालच्या रुग्णालयांत नवजात स्थिरीकरण कक्ष असतात. सरफॅक्टंटसारखा उपचार प्रामुख्याने वरच्या पातळीवर होतो. जन्मलेले, थंड पडलेले, श्वासासाठी धडपडणारे बाळ १०८ रुग्णवाहिकेतून तिथवर पोहोचते, तेव्हा त्याची फुप्फुसे अनेकदा मिटत चाललेली असतात. सरफॅक्टंट पहिल्या काही तासांत दिले तर अधिक उपयोगी ठरते. ‘उशिरा आणले’ आणि ‘फुप्फुसे कमकुवत’ या दोन कारणांची गाठ इथे बसते.

तिसरा अर्थ आठवडे मोजण्याचा. बेळगाव-नागपूरच्या अनुभवाचा धडा हाच, की इंजेक्शनाची सुरक्षितता पहिल्या तिमाहीत ठरते. गर्भाचे वय शेवटच्या पाळीच्या तारखेवरून आणि सुरुवातीच्या महिन्यांतील सोनोग्राफीवरून सर्वांत अचूक कळते. सातव्या महिन्यात केलेल्या पहिल्या सोनोग्राफीत हा अंदाज दोन-तीन आठवड्यांनी चुकू शकतो. कामासाठी गाव सोडणाऱ्या कुटुंबांत पहिली तपासणीच उशिरा होते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत होणारी प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानातील मोफत तपासणी आणि माता-बाल संरक्षण कार्डावरील तारीख म्हणूनच केवळ सोपस्कार ठरत नाहीत. ऐन रात्री ड्युटीवरील डॉक्टर त्याच तारखेकडे पाहून इंजेक्शनाचा निर्णय घेतात.

पोट वारंवार आवळणे, कंबरेत ठरावीक अंतराने कळ येणे, पाणी जाणे किंवा रक्तस्राव ही चिन्हे ३७ आठवड्यांपूर्वी दिसली, तर सकाळची वाट न पाहता जवळच्या सरकारी रुग्णालयात जाणे योग्य. इंजेक्शन द्यायचे की नाही, हे मात्र डॉक्टरांनीच ठरवायचे. मेडिकलमधून आणून घरी घ्यायचे हे औषध नाही.

प्रश्न किती मोठा? पुढे काय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने झालेल्या अभ्यासानुसार २०२० मध्ये जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे मुदतपूर्व जन्मली. त्यांतील सुमारे ३० लाख एकट्या भारतातील, म्हणजे जगात सर्वाधिक. सरफॅक्टंट देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. पण यादीतील नाव आणि कक्षातील फ्रिजमधली कुपी यांत अंतर पडू शकते. जाड नळीऐवजी बारीक नळीतून, बाळ स्वतः श्वास घेत असताना औषध देण्याची पद्धत आता रुळली आहे. वाफेसारख्या फवाऱ्यातून ते देण्याचेही प्रयत्न सुरू आहेत. ते साधले, तर व्हेंटिलेटर नसलेल्या लहान रुग्णालयांनाही हा उपचार आवाक्यात येऊ शकेल.

तोवर मनमाडसारख्या शहरात दोन उपायांपैकी स्वस्त उपायच अधिक जवळचा आहे. जनावराच्या फुप्फुसातील तयार प्रथिन आणून घालण्यासाठी जिल्ह्याचे ठिकाण गाठावे लागते. बाळाच्या स्वतःच्या फुप्फुसातील जनुके जागी करण्यासाठी मात्र कार्डावरची बरोबर तारीख, वेळेवर ओळखलेल्या कळा, पहिला डोस आणि आईला घेऊन निघणारी रुग्णवाहिका एवढेच लागते. २०१७ नंतर नाशिकमध्ये खाटा आणि यंत्रे किती वाढली, हे विचारले जाते आणि विचारलेच पाहिजे. त्यासोबत एक प्रश्न तालुक्याच्या पातळीवरही विचारायला हवा. नाशिकला पाठवलेल्या मुदतपूर्व प्रसूतीच्या मातांपैकी किती जणींच्या चिठ्ठीवर पहिल्या डोसची वेळ लिहिलेली असते?